तोरणाकडे पाठ

गाविलगडाला ज्यांनी वेढा घातला त्यांची नावे पुस्तकांत आहेत. ज्यांनी गड लढवला, ज्यांनी तटावर देह ठेवला, त्यांचीही आहेत, आणि ती उच्चारताना हात आपोआप जुळतात. पण त्या तटाला ज्या तोफांनी भगदाड पाडले त्या तोफा डोंगरावर आपल्या पायांनी चढल्या नव्हत्या. कोणीतरी त्या ओढल्या. ओढणाऱ्यांच्या मानेवर जू होते, नाकात वेसण होती, तोंडाला फेस होता, आणि कोणाचा झेंडा उतरणार, कोणाचा चढणार, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. नंदीला देवाने महादेवाच्या दारात बसवले, पण वाचा दिली नाही. म्हणून त्या मुक्या जिवांचा न्याय माणसाच्या तोंडून झाला. माणसाने तो कसा केला, ते ऐकावे.

परतवाड्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या सावलीत, जामगव्हाण नावाचे गाव आहे. काळी जमीन, संत्र्याच्या बागा, वेशीवर मारुती, मारुतीसमोर गुरे गोळा होतात ते मोठे आखर. या गावात नत्थुजी भुयार राहतात. सत्तरी ओलांडलेले, अंगाने वाळलेले, बोलण्यात मऊ. त्यांचा सहावा की सातवा पूर्वज सोनाजी भुयार. किती पिढ्या झाल्या हे घरात कोणाला नेमके सांगता येत नाही. पण सोनाजीने काय केले हे गावात तान्ह्या पोरालाही सांगता येते.

अठराशे तीन सालची ती थंडी. इंग्रजांची फौज गडाच्या पायथ्याशी आली. गडाला खालून भिडता येत नव्हते. उत्तरेला, जिथे डोंगर गडाला चिकटतो, तिथूनच वाट होती. तिकडे तोफा चढवायच्या तर बैल हवेत. शिपाई गावागावांतून हिंडले. जामगव्हाणातली माणसे उभ्या ज्वारीत लपली आणि गोठ्यांतली दावी मोकळी झाली. पाटलाचे बैल गेले, माळ्याचे गेले, भुयारांचे गेले. सगळे ज्वारीच्या ताटांच्या आडून पाहत राहिले. सोनाजीही पाहत होता. मग परक्या बोलीतल्या एका शिपायाने बंदुकीचा दस्ता सोनाजीच्या बैलाच्या डोळ्यावर हाणला, आणि बैल खाली बसला. दुसरा दस्ता उगारला गेला तेव्हा सोनाजी ज्वारीतून बाहेर आला. हे माझे बैल आहेत, मीच हाकतो, एवढेच तो म्हणाला.

तो गेला. डोंगरात रस्ता नव्हता. झाडे तोडत, दगड सरकवत तोफा चढत होत्या. एका चढावर त्याच्या डाव्या बैलाचा पाय मोडला. वाट अडू नये म्हणून शिपायांनी तो जिवंतच दरीत लोटला. उजवा बैल माथ्यावर पोचला, जू उतरवल्यावर उभा राहिला आणि उभ्यानेच मेला. सोनाजी खांद्यावर मोकळे जू घेऊन घरी आला तेव्हा गडावरून धूर निघत होता आणि वाऱ्याला जळक्या मांसाचा वास होता.

गावाने विचारले, तोफांबरोबर कोण गेले होते. ज्यांनी बैल सोडून दिले त्यांना कोणी पाहिले नव्हते. बैलांची माया सुटेना म्हणून जो मागोमाग गेला, तो एकटा सर्वांनी पाहिला होता.

पुढच्या पोळ्याला शिक्षा ठरली. आखरावर आंब्याच्या पानांचे तोरण बांधायचे, मानाची जोडी पुढे, बाकीच्या जोड्या मागे, आणि भुयारांची जोडी सर्वांच्या शेवटी, शेपटाला. शिंगे रंगवायची नाहीत, बेगड लावायची नाही. आणि तोरणाकडे त्यांची पाठ. तोरण तुटले की गावच्या जोड्या त्याखालून घराकडे धावणार, आणि भुयारांची जोडी गावाबाहेरच्या पांदणीने माघारी जाणार. या सगळ्याआधी झडती. पोळ्यात जोड्या उभ्या राहिल्या की एकाने खड्या आवाजात यमके जुळवायची आणि साऱ्या गावाने महादेवाचा गजर करून ती उचलायची, ही वऱ्हाडाची जुनी रीत. जामगव्हाणात पहिली झडती भुयारांची असते.

गाविलगड पडला, धुरळा गेला रानी,
तोफ वढली कोनी? भुयाराच्या बैलांनी.
पाठ केली गडाले, पाठ कर तोरनाले,
तोंड नको दाखवू भुयारा, पोयाच्या देवाले.

आणि मग महादेवाच्या नावाने गाव गर्जते. देवा, तुझे नाव किती कामांना वापरतात, हे तुला ठाऊक असणारच.

नत्थुजींनी पहिल्यांदा कासरा धरला तेव्हा ते गव्हाणीएवढ्या उंचीचे होते. मागे गलका झाला म्हणून त्यांनी मान वळवली. वडिलांनी हनुवटीला धरून ती पुन्हा डोंगराकडे केली. एका भुयाराने एकदा पोळ्याला जायचे नाकारले होते. त्या वर्षी त्याच्या घरात मयत झाली आणि खांदा द्यायला गावातून कोणी आले नाही, घरच्यांनी प्रेत बैलबंडीवर घातले. ती आठवण घरात जिवंत होती. म्हणून भुयार दर वर्षी गेले, उभे राहिले, ऐकले आणि पांदणीने परतले.

नत्थुजींची बायको रुख्मिणी हिवरखेडहून लग्न होऊन आली. पहिल्या पोळ्याला नवे लुगडे नेसून, आरतीचे ताट घेऊन ती आखरावर गेली. जोडी डोंगराकडे तोंड करून का उभी आहे हे तिला कळेना. मागे बायकांचा घोळका होता. त्यातली एक म्हणाली, "सूनबाई, तुह्या बैलायचं तोंड तिकडं रायते. तू आपली शेपटाची आरती कर." बायका पदर तोंडाला लावून हसल्या. रुख्मिणीने जोडीला वळसा घातला, डोंगराच्या बाजूने समोर गेली, कुंकू लावले, ओवाळले, घरी आली. त्यानंतर ती पोळ्याला कधी गेली नाही.

नत्थुजींना मात्र बैलांपलीकडे जग नव्हते. सोमवारी जू ठेवायचे नाही. सकाळची पहिली भाकर बैलांची, दुसरी माणसांची. उन्हाळ्यात कुटाराला, कोरड्या भुशाला, पाणी शिंपडून, हाताने खालीवर करून घालायचे. शेतातून येताना ते स्वतः पायी आणि बंडी रिकामी. लोक म्हणत, याच्या बंडीत बैलच बसायचे राहिले आहेत. आताची जोडी कैऱ्या आणि माणक्या. दोघे याच गोठ्यात जन्मलेले, दोघांच्या मानेखालची पोळी लोंबू लागलेली, दोघांच्या डोळ्यांभोवती पांढरी कड आलेली. ही आपल्या हातची शेवटची जोडी, हे नत्थुजींना माहीत होते.

एकुलता मुलगा मनोज. शाळेत त्याचे नाव हजेरीपुरते होते. एरवी पोरे त्याला तोफवाला म्हणत. दहावीनंतर तो अकोल्याला गेला, डाळ मिलमध्ये लागला, तिथेच संसार मांडला. दिवाळीला येई, आखाजीला येई. पोळ्याला येत नसे. जाताना वडिलांना एक वाक्य बोलून गेला होता, "बाबा, ज्या पोयाले आपली जोडी तोरनाखालून जाईन, त्या पोयाले मी येईन." त्याला मुलगी झाली, खुशी. ती शाळेत जाऊ लागली. गावात अजून तोफवाला हा शब्द फिरतो, तो एक दिवस आपल्या लेकीपर्यंत पोचेल, ही धास्ती मनोजच्या बोलण्यात न बोलता असे. आणि नत्थुजींची देवाकडे दुसरी मागणी उरली नव्हती. आपण जाण्याआधी एकदा ही जोडी तोरणाखालून जावी. मुलाने ती पाहावी. नातीपर्यंत हे पोचू नये. काकड्याला टाळ धरताना, तुळशीला पाणी घालताना, गोठ्यात दिवा लावताना तेच.

पोळ्याला दोन दिवस उरले असताना पंजाबराव पाटील घरी आले. पाटील कधी भुयारांच्या अंगणात येत नसत. बाजेवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"नत्थू, चाहा पाजतं का नाई?"

"पाजतो न जी. मनोजच्या माय, चाहा ठेव."

"यंदा आखरावर किती जोड्या उभ्या राह्यतीन, काई अंदाज?"

"कमीच जी. ट्रॅक्टर झाले."

"एक," पाटील म्हणाले. "तुही. माही परतवाड्याच्या बजारात गेली, तुले मालूमच हाये. वरच्या आळीतली शेवटची जोडी उन्हाळ्यात इकली. गावात बैल म्हनून फक्त तुह्या गोठ्यात उरले."

आतून रुख्मिणीचा आवाज आला, "मंग पोया करूच नोका यंदा."

"वयनी, अमरावतीवून पावने येऊन राह्यले. झडतीवाल्या श्यामनं मोबाइलवर जाहिरात करून टाकली, गडाच्या पायथ्याचा पोया म्हनून. तोरन बांधू आन् त्याच्याखालून ट्रॅक्टर धाडू का?"

"धाडा. त्याइले बी शिंगं लावा."

पाटील हसले. नत्थुजी हसले नाहीत.

"घ्या न जी जोडी," ते म्हणाले. "मी घेऊन येतो."

"तू नाई. मानाची जोडी पाटलाच्या घरची अस्ते. कासरा माह्या हाती राहीन. उद्या सांजच्याले जोडी आमच्या कोठ्यात आन. तिथंच खांद शेकू, आवतन बी आमच्याच घरचं देऊ."

"आन् तोरनाखालून जाईन?"

"सगळ्यात आधी जाईन."

"शेपटाले कोन मंग?"

"अबे, जोडी एक. ते पुढं. शेपूट आनू कुठून?"

"झडती?"

"शेपूट नाई त झडती कोनावर?" पाटील उठले, टोपी घातली. "शब्द देल्ला तुले. जोडी तोरनाखालून जाईन."

पाटील गेल्यावर रुख्मिणी बाहेर आली. चहाचा कप तसाच होता, पाटलांनी तोंड लावले नव्हते. तिने तो उचलून तुळशीच्या मागे ओतला.

"अवो, आवतन त्याइचं झालं त जोडी त्याइची झाली. हे समजते का तुमाले?"

रीत अशीच आहे. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांचे खांदे तूपहळदीने शेकतात, पळसाच्या पानाने चोळतात, आणि घरची लक्ष्मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणते, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. ज्या घरचे आवतण, त्या घरची जोडी. दुसऱ्या दिवशीचा पुरणाचा घासही त्याच घरचा.

"एका दिवसाची झाली," नत्थुजी म्हणाले. "परवा येतीन माघारी."

"आन् आपलं घर? पोयाले भुयाराच्या घरचं कोन जाईन?"

"मी जातो न पाह्याले. जन्मात पोया पाह्यला नाई म्या, नुसता आयकला."

जो माणूस दर पोळ्याला आखरावर उभा राहिला त्याने पोळा पाहिलेला नव्हता, हे तिच्या ध्यानात तेव्हाच आले.

त्याच दुपारी नत्थुजींनी अकोल्याला फोन लावला.

"मनोज, यंदा जोडी तोरनाखालून जाते."

"कोन म्हनते?"

"पाटलानं शब्द देल्ला. घरी येऊन देल्ला."

पलीकडे मिलच्या यंत्रांची घरघर चालू होती. "झडती?"

"शेपूटच नाई त झडती कोनावर?" पाटलांचे वाक्य नत्थुजींनी स्वतःच्या तोंडून म्हटले, आणि म्हणताना त्यांना ते खरे वाटले.

"येतो बाबा. खुशीले बी आनतो. तिनं बैल जवळून नाई पाह्यले अजून."

दुसऱ्या सांजेला त्यांनी जोडी पाटलांच्या कोठ्यात नेली. इंदूबाईंनी, पाटलांच्या मालकिणीने, चांदीच्या वाटीत तूप आणले होते. घरात नत्थुजी वाटीऐवजी तळहातावर तूप घेत, पण आज त्यांनी हात मागे बांधले. कैऱ्याच्या खांद्यावर जुवाने पडलेला घट्टा होता; तो कसा हळू चोळावा लागतो हे सांगावे असे त्यांच्या मनात आले. सांगितले नाही. इंदूबाई भराभर शेकून, कानाशी न वाकता, उभ्यानेच आवतण म्हणाल्या. बैलांनी कान हलवले. नत्थुजी दारापर्यंत गेले, परत येऊन माणक्याच्या कपाळावर हात ठेवला, आणि मग गेले. त्या भोळ्या जिवाला वाटले, पाटलाच्या घरची हळद लागली, आता माझे बैल शुद्ध झाले. मायेने माणूस डोळस होतो म्हणतात. सोनाजीला मायेने ज्वारीतून बाहेर काढले होते, आणि त्याच्या वंशजाला मायेनेच त्या कोठ्यात नेऊन उभे केले.

पोळ्याच्या दिवशी नत्थुजींनी धुतलेले धोतर नेसले, पांढरी टोपी घातली. रुख्मिणी पुरण वाटत होती. बैल घरी जेवायला येणार नव्हते, तरी तिने त्यांच्या वाट्याचे पुरण घेतले होते. "तू येतं का?" त्यांनी विचारले. ती म्हणाली, "तुमी पाहून या. मले सांगजा." आणि पाट्यावरून मान वर केली नाही.

आखर भरले होते. दोन पळसाच्या मेढींमध्ये तोरण बांधलेले. तोरणासमोर कैऱ्या आणि माणक्या. नत्थुजींनी पाहिले आणि पाहतच राहिले. शिंगांना सोनेरी बेगड, शेंड्यांना गोंडे, गळ्यात घुंगरमाळा, पाठीवर आरसे लावलेल्या झुली, कपाळावर बाशिंगे. वराच्या मिरवणुकीत वर जसा आपल्याच रूपाने गोंधळतो तसा कैऱ्या मान हलवत होता आणि घुंगरांच्या आवाजाने दचकत होता. आयुष्यभर मातीच्या रंगाचे पाहिलेले हे दोन जीव आज प्रत्यक्ष शंकराच्या दारातून आल्यासारखे दिसत होते. डोळ्यांत पाणी आले तसे नत्थुजींनी ते पुसले नाही, वाहू दिले. कासरा पाटलांच्या हाती होता. त्यांच्यामागे रांगेने हार घातलेले ट्रॅक्टर.

श्यामने ध्वनिक्षेपक घेतला. पंचविशीचा पोरगा, गावात त्याच्यासारखी झडती कोणाला येत नाही.

"पोया लागला मंडळी. पुढं मानाची जोडी. मंधात ट्रॅक्टर. आता शेपूट कुठं हाये?"

लोक हसले. कोणी म्हणाले, "शेपूटच पुढं आलं यंदा." पुन्हा हशा.

एक म्हातारा काठी टेकत पुढे झाला. "शेपटाबिगर जामगव्हानात तोरन तुटलं नाई आजपावतो. ज्या वर्षी तुटन त्या वर्षी गावावर बला येईन. हसू नोका."

हसणे थांबले. लोक एकमेकांकडे पाहू लागले. श्याम म्हणाला, "भुयाराच्या जोडीनं आवतन पाटलाच्या घरचं घेतलं, म्हनजे ते जोडी पाटलाची. बरोबर? मंग भुयाराच्या घरून पोयाले कोन आलं?" त्याने गर्दीवरून नजर फिरवली आणि ती नत्थुजींवर थांबवली. "धनीच आले न."

नत्थुजी पाटलांजवळ गेले. "पाटील, तुमी म्हनले होते..."

पाटील माणक्याची वेसण सारखी करत होते. "म्या जोडीचं म्हनलो होतो, नत्थू. जोडी जाऊन राह्यली. मानसाचं कोन म्हनलं?"

"मी मानूस हावो जी. बैल नाई."

"ते मले मालूम हाये. पन गाव आयकून नाई राह्यलं, त मी का करू?" आणि मग आवाज खाली आणून, जवळजवळ प्रेमाने, "पाच मिंटाचं काम हाये. तू उभा नाई राह्यला त तोरन तुटत नाई. तोरन नाई तुटलं त जोडी जाते कशी? मंग मले नोको म्हनू, पाटलानं शब्द मोडला."

अकोल्याची बस वेळेवर असेल तर आतापर्यंत फाट्यावर आली असेल, असे नत्थुजींच्या मनात आले. मनोज येईल तो आखराच्या या बाजूने येईल. त्याला तोरण दिसेल, जोडी दिसेल. ट्रॅक्टरांची रांग लांब आहे. पलीकडे कोण उभे आहे ते त्याला दिसणार नाही. त्याने जोडी पाहिली की झाले. त्यांनी कैऱ्याच्या पाठीवर हात टेकला, तो काढला, आणि ट्रॅक्टरांच्या कडेने मागे चालू लागले.

शेवटच्या ट्रॅक्टरच्या मागे येऊन ते डोंगराकडे तोंड करून उभे राहिले. कोणीतरी एक जुनी लाल झूल आणून त्यांच्या खांद्यांवर टाकली. कोणी टाकली ते त्यांनी पाहिले नाही; वळायचे नसते. कोणी म्हणाले, "थोडं वाका जी, झूल सरकते." ते वाकले. मोबाइल समोर धरून दोघे-तिघे पळत डोंगराच्या बाजूला आले आणि त्यांचा फोटो काढून गेले. समोर सातपुडा होता, आणि सातपुड्याच्या वर, ढगांच्या पोटाशी, जिथे गड असल्याचे लहानपणापासून सांगितलेले होते, तिथे नुसते निळेपण.

श्यामने झडती सुरू केली. ध्वनिक्षेपकामुळे ती डोंगराला लागून परत येत होती. गाविलगड पडला. धुरळा गेला रानी. नत्थुजी ओठांत विठ्ठलाचे नाव घेत होते. बैल झडती ऐकत तेव्हा त्यांना अर्थ कळत नसे, म्हणून ते शेपटीने माशा हाकलत उभे राहत, हे त्यांना आठवले, आणि तसेच उभे राहावे असे त्यांनी ठरवले. तोंड नको दाखवू भुयारा, पोयाच्या देवाले. मग गावाने गजर केला.

शेकडो कंठांचा तो गजर. त्यात म्हातारे होते, पोरे होती, बायका होत्या. आणि त्यात, ट्रॅक्टरांच्या या बाजूला, अगदी जवळून, एक आवाज होता जो महादेवातला "दे" उचलून धरतो आणि "व" सोडताना खाली ठेवल्यासारखा सोडतो. मारुतीच्या देवळात, भजनाच्या शेवटी, मांडीवर बसवून नत्थुजींनी ते एका मुलाला शिकवले होते. सारे गाव गर्जले तरी बाप आपल्या मुलाचा आवाज वेगळा काढतो; गाय कळपातून वासराचा काढते तसा. गर्दीत सगळे हात वर करून ओरडत असताना एकट्याने गप्प उभे राहिले तर लोक वळून पाहतात. वळून पाहिले तर ओळखतात. ओळखले तर विचारतात, ही तुझी लेक का. एवढे सगळे नत्थुजींना त्या एका शब्दातून कळले. दुसरा गजर झाला. त्यातही तो आवाज होता, पहिल्यापेक्षा मोठा.

त्यांनी मान वळवली नाही. वडिलांचा हात हनुवटीला नव्हता, कोणाचाच नव्हता.

मागे तोरण तुटले. घुंगरमाळा वाजल्या, खूर वाजले, लोक ओरडले, आणि कैऱ्या-माणक्या तोरणाखालून गेले. ज्या घुंगरांसाठी पिढ्या तिष्ठल्या ते घुंगरू नत्थुजींनी पाठीने ऐकले. बैल बिचकले नाहीत, थांबले नाहीत, मागे वळले नाहीत. शहाण्या जनावरांसारखे पाटलांच्या घराकडे धावले. मग ट्रॅक्टर सुरू झाले आणि बराच वेळ धुराशिवाय काही नव्हते. आखर रिकामे झाल्यावर नत्थुजींनी झूल काढली, झटकली, घडी करून मारुतीच्या ओट्यावर ठेवली, आणि पांदणीने घरी आले.

"गेली का?" रुख्मिणीने विचारले.

"गेली."

"कशी दिसे?"

"नवरदेवावानी," ते म्हणाले आणि पाय धुवायला वळले.

दिवेलागणीला मनोज आला. अंगात इस्त्रीचा सदरा, एका हाताला खुशी. त्याने आईच्या पाया पडून वडिलांच्या पायाला हात लावला, आणि उठताना म्हणाला, "बस लय लेट झाली, बाबा. मूर्तिजापूरले टायर बसला. पोया फुटला असन न?"

"फुटला."

"जोडी गेली तोरनाखालून?"

"सगळ्यात आधी गेली," नत्थुजी म्हणाले. "तू पाह्याले पाह्यजे होता."

"हो न. नशीब."

रुख्मिणीने पाने वाढली. पुरणाची पोळी, कढी, वडे. खुशी आजोबांच्या शेजारी बसली. तिने घास घेतला, चावला, आणि त्यांच्या खांद्याकडे पाहत विचारले, "आबाजी, तुमच्या अंगावर ती लाल चादर कशाला टाकली होती?"

मनोजचा हात ताटात थांबला. रुख्मिणी चुलीजवळून वळली.

"कोनाच्या, माय?" नत्थुजींनी विचारले.

"तुमच्या. तुम्ही ट्रॅक्टरच्या मागे उभे होता. सगळे इकडे बघत होते आणि तुम्ही एकटेच तिकडे. मी पप्पांना दाखवत होते, पण ते ओरडत होते."

नत्थुजींनी मुलाकडे पाहिले नाही. त्यांनी नातीच्या केसांवरून हात फिरवला, आणि आवाज जितका हलका करता येईल तितका हलका केला.

"तो मी नोयतो, माय. दुसरा कोनी असन."

खुशीने वडिलांकडे पाहिले. मनोजने खाली मान घालून पोळीचा तुकडा मोडला.

"हो," तो म्हणाला. "दुसराच होता कोनी."

नत्थुजींनी मान हलवली, आणि खुशीच्या पोळीवर आणखी तूप वाढायला सांगितले.